३४ माणसांच्या लॅबनं आयबीएमला घाम फोडला होता, सुपरकॉम्प्युटरचा बाप म्हणावा असा सिमोर क्रे

गोष्ट १९६३ सालच्या ऑगस्टमधली. आयबीएम म्हणजे तेव्हा कॉम्प्युटरच्या धंद्यातला हत्ती. हजारो इंजिनिअर, जगभर ऑफिसं, पैशाला तोटा नाही. या कंपनीचा प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर यानं आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना एक चिडलेलं पत्र पाठवलं. कंट्रोल डेटा नावाच्या एका लहान कंपनीनं जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर जाहीर केला होता आणि तो बनवणाऱ्या लॅबमध्ये माणसं होती फक्त ३४. त्यात १४ इंजिनिअर, ४ प्रोग्रॅमर आणि झाडलोट करणारासुद्धा धरलेला. एवढ्या लोकांनी आपल्याला मागं टाकलंच कसं, असा वॉटसनचा सवाल होता.

हे पत्र पुढं त्या लॅबच्या प्रमुखाच्या कानावर गेलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की वॉटसनसाहेबांनी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्रातच देऊन टाकलंय.

या लॅबप्रमुखाचं नाव सिमोर क्रे.

आज आयआयटीत, आयसरमध्ये किंवा विद्यापीठात पीएचडीला लागलेल्या पोरापोरींना पहिल्या वर्षात कधीतरी क्लस्टरचं लॉगिन मिळतं. काळी स्क्रीन, रांगेत लावायचा जॉब, कोअर किती हवेत, मेमरी किती हवी असले प्रश्न. हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग, म्हणजेच एचपीसी, हा शब्द तिथं पहिल्यांदा नीट समोर येतो. पाइपलाइन, व्हेक्टर, मेमरी बँडविड्थ, पॅरलल असले शब्दही मागोमाग येतात. यातल्या बऱ्याच शब्दांचा धागा या एका माणसाच्या वहीपर्यंत जाऊन पोहोचतो. आणि जो एक शब्द त्याला आयुष्यभर पटला नाही, त्याच शब्दानं शेवटी त्याची कंपनी बुडवली.

तर सुरुवातीपासून बघू.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात चिपेवा फॉल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथं २८ सप्टेंबर १९२५ ला सिमोरचा जन्म झाला. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोरगं लहानपणापासून खटपट्या. दहा वर्षांचा असताना त्यानं खेळण्यातल्या पट्ट्या-स्क्रू जोडून एक यंत्र बनवलं होतं. भोकं पाडलेली कागदी पट्टी त्यात घातली की ते मोर्स कोडचे सिग्नल काढायचं. घरच्यांनी तळघर त्याला लॅब म्हणून देऊन टाकलं.

१९४३ ला शाळा संपली आणि तो थेट दुसऱ्या महायुद्धात गेला. आधी युरोपात रेडिओ ऑपरेटर म्हणून आणि नंतर फिलिपिन्समध्ये जपानी संदेशांची कोडी सोडवणाऱ्या पथकात. युद्धावरून परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९५१ मध्ये गणितात मास्टर्स केलं. पीएचडीच्या वाटेला तो कधी गेला नाही.

नोकरी लागली ती सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत. ही कंपनी काढली होती नौदलाच्या कोड फोडणाऱ्या मंडळींनी आणि तिचं ऑफिस होतं ग्लायडर विमानं बनवायच्या एका जुन्या कारखान्यात. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा नुकता कुठं यंत्रासाठी वापरायला लागले होते. क्रे तिथं कामातच शिकला आणि वर्षा-दोन वर्षांत डिझाइनमधला जाणकार माणूस म्हणून ओळखला जायला लागला.

पुढं ही कंपनी विकली गेली, मग आणखी एका मोठ्या कंपनीत विरघळली. तिथल्या कारभाराला कंटाळून १९५७ मध्ये विल्यम नॉरिस बाहेर पडला आणि त्यानं कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन म्हणजे सीडीसी सुरू केली. हातातलं नौदलाचं काम संपवून क्रे पण त्याच्या मागं गेला.

सीडीसीकडे सुरुवातीला पैसे नव्हते. सांगतात की क्रेनं पहिल्या डिझाइनसाठी दर्जात नापास झालेले स्वस्तातले ट्रान्झिस्टर विकत घेतले आणि सर्किटच असं बसवलं की एखादा ट्रान्झिस्टर थोडा इकडंतिकडं निघाला तरी गाडी अडू नये. यातून १९६० मध्ये सीडीसी १६०४ बाजारात आला. व्हॅक्यूम ट्यूब टाकून देऊन पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पहिल्या काही कॉम्प्युटरमध्ये त्याचं नाव घेतात.

इथं मुंबईचा एक धागा लागतो. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचं यंत्र आलं, सोबत १६०ए हा टेबलाएवढा छोटा कॉम्प्युटर. ३६०० हा याच १६०४ च्या घराण्यातला आणि १६० चं डिझाइन तर खुद्द क्रेचं. त्या काळात देशभरातले संशोधक आपापले प्रोग्रॅम पंच कार्डांवर घेऊन मुंबईला यायचे.

सीडीसी मोठी व्हायला लागली तशी क्रेची चिडचिड वाढली. मीटिंगा, रिपोर्ट, प्लॅन. त्यानं कंपनीकडं सरळ मागणी केली की माझी लॅब माझ्या गावी हलवा. १९६२ मध्ये चिपेवा फॉल्सला त्याच्या स्वतःच्या जमिनीवर, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर लॅब उभी राहिली. मोठ्या साहेबांनाही तिथं बोलावल्याशिवाय यायची सोय नव्हती. कंपनीनं एकदा त्याच्याकडून पंचवार्षिक आणि वार्षिक उद्दिष्टं मागवली. क्रेनं लिहून दिलं की पाच वर्षांचं उद्दिष्ट जगातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर बनवणं आणि एका वर्षाचं उद्दिष्ट त्यातला एक पंचमांश भाग पुरा करणं. विषय संपला.

याच लॅबमधून १९६४ मध्ये सीडीसी ६६०० बाहेर पडला. वॉटसनला घाम फोडणारा तो हाच. सेकंदाला साधारण ३० लाख आकडेमोडी. आयबीएमच्या तेव्हाच्या सर्वात जोरदार यंत्राच्या अंदाजे तिप्पट.

हा वेग आला कुठून? नुसते जलद ट्रान्झिस्टर लावून नाही. क्रे आणि त्याचा साथीदार जेम्स थॉर्नटन यांनी कामाची वाटणी बदलली. हॉटेलातला मुख्य आचारी स्वतःच कोथिंबीर आणायला मंडईत जायला लागला तर ताटं कधी वाढायची? त्या वेळच्या कॉम्प्युटरमध्ये हेच चालायचं. मुख्य प्रोसेसर आकडेमोडही करायचा आणि टेप, प्रिंटर, कार्ड हेही सांभाळायचा. ६६०० मध्ये या वरकामाला दहा छोटे प्रोसेसर वेगळे ठेवले. आचाऱ्यानं फक्त फोडणी द्यायची. शिवाय मुख्य प्रोसेसरच्या पोटात बेरीज, गुणाकार, भागाकार यांची दहा वेगळी युनिटं होती. एक गुणाकारात अडकलं असेल तर दुसरं तोवर बेरीज उरकून घ्यायचं.

आज क्लस्टरवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. प्रोग्रॅम हळू चालतो याचं कारण बऱ्याचदा प्रोसेसर हळू आहे हे नसतंच. तो डिस्कवरून डेटा येण्याची किंवा मेमरीतून आकडा येण्याची वाट बघत बसलेला असतो. क्रेनं हे साठ वर्षांपूर्वी ओळखलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे, त्याला सतत खाऊ घालणारी सगळी यंत्रणा, असं धरूनच तो कायम डिझाइन करत राहिला.

आयबीएमनं मग काय केलं? तेवढ्याच ताकदीचं आपलंही यंत्र येतंय असं जाहीर केलं. यंत्र तयार नव्हतंच, पण गिऱ्हाईक थांबलं आणि ६६०० ची विक्री मंदावली. सीडीसीनं १९६८ मध्ये कोर्टात खेचलं आणि १९७३ च्या तडजोडीत आयबीएमला चांगलीच किंमत मोजावी लागली.

क्रे या भानगडीत नव्हता. त्यानं १९६९ मध्ये ७६०० आणला आणि ६६०० ला मागं टाकलं. मग ८६०० वर काम सुरू केलं आणि तिथं पहिल्यांदा ठेच लागली. चार प्रोसेसर, ठासून भरलेले सुटे भाग, प्रचंड उष्णता आणि इतके जोड की त्यातला एक जरी कच्चा निघाला तरी सगळं बंद. दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या कागदावरून परत सुरुवात करावी असं क्रेला वाटत होतं आणि कंपनीकडं तेवढे पैसे नव्हते. १९७२ मध्ये तो बाहेर पडला. भांडण वगैरे काही नाही. उलट त्याच्या नव्या कंपनीत सीडीसीनंच थोडे पैसे घातले. कंपनीचं नाव क्रे रिसर्च.

आता येतो तो क्रे-१. फोटो शोधून बघाच. वरून पाहिलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा उभा मनोरा आणि त्याच्या पायाशी गोलाकार गादीचा बाक. लोक चेष्टेनं त्याला जगातला सगळ्यात महाग सोफा म्हणायचे. बाकाखाली वीजपुरवठ्याची यंत्रं लपवलेली होती. आणि सी आकार ही फॅशन नव्हती, त्यामागं साधा हिशोब होता.

प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटरच जातो. तारेतला सिग्नल त्याहून हळू. क्रे-१ चं घड्याळ दर साडेबारा नॅनोसेकंदाला एक ठोका द्यायचं. तार लांब असेल तर ठोका पडेपर्यंत सिग्नल पोहोचायचाच नाही. म्हणून यंत्र गोल वळवलं, सगळ्या तारा आतल्या बाजूला आणल्या आणि कुठलीही तार चार फुटांपेक्षा लांब ठेवली नाही. या तारा हातानं जोडल्या जायच्या. चिपेवा फॉल्स भागातल्या बायका आत उभं राहून, एक एक तार मोजून, हे काम करायच्या. क्रेचं नाव जगभर झालं. त्या बायकांची नावं मात्र फारशी कुणाला माहीत नाहीत आणि त्यांच्या हाताशिवाय हे यंत्र एक ठोकाही चाललं नसतं.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. पाच टनांहून जास्त वजनाचं यंत्र आणि वीज खायचं शंभर किलोवॉटच्या वर. फ्रिजमध्ये असतो तसा फ्रिऑन वायू यंत्राच्या कण्यातून नळ्यांनी खेळवला. क्रे स्वतः नेहमी म्हणायचा की आपण मुळात प्लंबर आहोत. विनोद सोडा, पण आजही कुठल्याही सुपरकॉम्प्युटर सेंटरचं वीजबिल आणि पाण्याच्या नळ्या बघितल्या तर त्यात तथ्य दिसतं.

पण क्रे-१ चा खरा जीव होता व्हेक्टर. हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही.

घरी पन्नास पोळ्या करायच्यात समजा. एक पद्धत अशी की एक गोळा घ्यायचा, लाटायचा, भाजायचा, डब्यात ठेवायचा आणि मग दुसरा गोळा हातात घ्यायचा. दुसरी पद्धत लग्नघरातली. एकीनं गोळे करायचे, दुसरीनं लाटायच्या, तिसरीनं भाजायच्या. एका पोळीला लागणारा वेळ तोच, पण दर अर्ध्या मिनिटाला तव्यावरून एक पोळी उतरते. याला म्हणतात पाइपलाइन. आणि पन्नास पोळ्या करा असा एकच हुकूम द्यायचा, पन्नास वेळा ओरडायचं नाही. हे झालं व्हेक्टर. क्रे-१ मध्ये असे आठ खण होते आणि प्रत्येकात ६४ आकडे मावायचे. एका हुकुमात ६४ आकड्यांची बेरीज. वर बेरीज करून बाहेर पडणारा आकडा लगेच गुणाकाराच्या युनिटमध्ये शिरायचा, सगळे ६४ संपायची वाट न बघता.

व्हेक्टरची कल्पना क्रेची एकट्याची नव्हती. सीडीसीनंच स्टार-१०० नावाचं व्हेक्टर यंत्र काढलं होतं आणि ते आपटलं होतं. ते का आपटलं, हे एचपीसी शिकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवावं असं प्रकरण आहे. स्टार लांबलचक यादीवर भन्नाट चालायचा, पण सुटी सुटी, एकामागून एक करायची कामं आली की रखडायचा. आणि खऱ्या प्रोग्रॅममध्ये अशी कामं असतातच.

जीन अॅमडाल या आयबीएमच्या इंजिनिअरनं १९६७ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. त्याला आज अॅमडालचा नियम म्हणतात. तुमच्या प्रोग्रॅममधलं १० टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर बाकीच्या ९० टक्क्यांवर कितीही ताकद लावा, एकूण वेग दहापटीच्या वर जाणार नाही. भाजी चिरायला दहा माणसं बसवता येतात, पण कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या तेव्हाच होणार. पहिल्यांदा ६४ कोअर मागून जॉब लावणारा विद्यार्थी हाच फटका खातो. १० टक्के काम असं अडलेलं असेल तर ६४ कोअरवर वेग जेमतेम पावणेनऊ पट मिळतो, बाकीचे कोअर जागा अडवून बसतात.

क्रेनं स्टारची चूक केली नाही. क्रे-१ व्हेक्टरला जलद होताच, पण सुट्या कामालाही त्या वेळी सगळ्यांच्या पुढं होता.

१९७६ साली पहिलं यंत्र अमेरिकेच्या लॉस अलामॉस या अणुप्रयोगशाळेला सहा महिन्यांच्या ट्रायलवर दिलं. वेग कमाल १६ कोटी आकडेमोडी सेकंदाला. मेमरी ८ मेगाबाइट, म्हणजे आज फोननं काढलेले दोन-तीन फोटो त्यात मावणार नाहीत. या पहिल्या यंत्राच्या मेमरीत चुका आपोआप दुरुस्त करायची सोय नव्हती. चुका सापडायला लागल्या तशी पुढच्या यंत्रांमध्ये ती सोय आली. क्रेला या जादा सर्किटचा कंटाळा होता, कारण त्यानं वेग थोडा कमी होतो. पण आठवडाभर चाललेल्या गणितात एक आकडा मध्येच उलटा झाला तर वेगाचं काय लोणचं घालायचं? इथं गिऱ्हाईक बरोबर होतं.

अशी यंत्रं फार तर डझनभर विकली जातील असा अंदाज होता. विकली गेली ८० हून जास्त. अणुबॉम्बचं गणित, गुप्तहेरांची कोडी, तेलाचे साठे आणि हवामान. युरोपच्या हवामान केंद्रानं १९७८ मध्ये क्रे-१ घेतला. पुढं १९८४ चा द लास्ट स्टारफायटर नावाचा हॉलिवूडपट आला, त्यातली अंतराळयानं क्रेच्याच एका यंत्रावर काढली होती.

आता माणूस म्हणून क्रे कसा होता? अबोल. मुलाखती टाळणारा. दिवसा लॅबमध्ये, संध्याकाळी घरी जेवायला आणि सगळं सामसूम झालं की रात्री परत लॅबमध्ये. पेन्सिल आणि चौकटीची वही. पान भरलं की ते इंजिनिअरकडं जायचं. जुन्या यंत्रात सुधारणा करायचा त्याला मनस्वी कंटाळा, दर वेळी पाटी कोरी करून सुरुवात.

आणि एक किस्सा तर फारच भारी आहे. क्रे रिसर्चचा प्रमुख जॉन रोलवॅगन तो सांगायचा. क्रे आपल्या घराखाली स्वतःच्या हातानं भुयार खणायचा. डोकं अडलं की खाली जाऊन तासभर खोदकाम. तो असं सांगायचा की मी भुयारात असलो की जंगलातली बुटकी भुतं येऊन माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन जातात. एकदा वरचं झाड भुयारात कोसळलं, तर पठ्ठ्यानं त्या भोकात पेरिस्कोप बसवला. आपल्याकडं एखाद्यानं बॉसला असं काही सांगितलं असतं तर आधी रजेचा अर्ज मागितला असता.

दुसरा किस्सा अॅपलचा. ऐंशीच्या दशकात अॅपलनं आपल्या मशीनच्या डिझाइनसाठी क्रे कॉम्प्युटर विकत घेतला. हे क्रेला कळलं तेव्हा त्याला गंमत वाटली, कारण तो स्वतः पुढच्या क्रेचं डिझाइन मॅकवर करत होता.

१९८५ मध्ये क्रे-२ आला. सर्किट इतकी दाटीनं बसवलेली की नळ्यांनी भागेना. मग क्रेनं सगळं यंत्रच फ्लोरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकलं. पारदर्शक टाकीत बुडबुडे येताना दिसायचे, लोकांनी नावच बबल्स ठेवलं. चार प्रोसेसर आणि सेकंदाला जवळपास १९० कोटी आकडेमोडी.

पण तोवर त्याच्याच कंपनीत एक वेगळी गोष्ट घडली होती. स्टीव्ह चेन या इंजिनिअरनं क्रे-१ लाच सुधारून, त्याचे दोन प्रोसेसर एकत्र जोडून, एक्स-एमपी हे यंत्र काढलं. आणि बाजारात ते क्रे-२ पेक्षा जास्त चाललं.

भारताच्या गोष्टीत येतो तो हाच एक्स-एमपी. पावसाचा अंदाज नीट द्यायचा तर मोठा कॉम्प्युटर हवा म्हणून राजीव गांधींच्या सरकारनं अमेरिकेकडं तो मागितला. अमेरिकेला भीती ही की यावर अणुबॉम्ब आणि क्षेपणास्त्रांचं गणित होईल. बऱ्याच घासाघाशीनंतर मागितलेल्यापेक्षा लहान, एकाच प्रोसेसरचा एक्स-एमपी १४ मिळाला, तोही वापरावरच्या अटींसकट. तो दिल्लीच्या हवामान केंद्रात बसला.

याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरांब्याचे विजय भटकर त्याचे प्रमुख. पुणे विद्यापीठाच्या आवारात काम सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात क्रेसारखा एकही भीमकाय प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकमेकींना जोडून काम वाटून दिलं होतं. यंत्र होतं ६४ नोडचं.

म्हणजे क्रेचं यंत्र हवं तसं मिळेना म्हणून पुण्यात जे बनलं, ते नेमकं क्रेला न पटणाऱ्या वाटेवरचं होतं.

क्रेचं या बाबतीतलं मत त्याच्या नावानं जगभर सांगितलं जातं. शेत नांगरायचं असेल तर दोन दांडगे बैल बरे की १०२४ कोंबड्या, असा त्याचा प्रश्न. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं तर तो बैलच म्हणणार. आणि क्रे अगदीच चूक नव्हता. १०२४ कोंबड्यांना एका तासात लावणं हेच मोठं काम आहे. कुणाला किती शेत द्यायचं, एकीचं काम अडलं तर दुसरीनं किती थांबायचं, एकमेकींना निरोप कसे पाठवायचे. आज एमपीआय शिकताना विद्यार्थी जे डोकं धरून बसतात ते याच प्रश्नांसाठी.

फक्त क्रेच्या हिशोबात एक गोष्ट राहिली. बैल महाग होत चालले होते आणि कोंबड्या दर दोन वर्षांनी दुप्पट ताकदवान आणि स्वस्त होत होत्या. घरोघरच्या पीसीमध्ये जाणाऱ्या चिपा लाखांनी बनायच्या, त्यामुळं त्यांच्यावर ओतायला कंपन्यांकडं जो पैसा होता तो वर्षाला काही डझन यंत्रं विकणाऱ्याकडं कुठून येणार? १९९४ मध्ये नासातल्या थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे १६ पीसी-प्रोसेसर नेटवर्कनं जोडून बियोवुल्फ नावाचा क्लस्टर करून दाखवला. आज कॉलेजच्या लॅबमध्ये जो क्लस्टर दिसतो तो याच वंशातला.

क्रे मात्र आणखी चांगला बैल शोधत राहिला. क्रे-३ साठी त्यानं सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड हा पदार्थ निवडला. तो जास्त जलद, पण ठिसूळ, महाग आणि त्याच्या चिपा बनवायचं तंत्र कच्चं. १९८९ मध्ये क्रे रिसर्चनं हा प्रकल्प वेगळा काढला आणि क्रे आपली वेगळी कंपनी घेऊन कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला. म्हणजे क्रे नावाच्या दोन कंपन्या झाल्या आणि खुद्द क्रे लहान कंपनीत.

मग सोव्हिएत युनियन कोसळलं. शीतयुद्ध संपलं, तसा पैसे न मोजता यंत्रं घेणारा संरक्षण खात्याचा हातही आखडला. १९९३ मध्ये एकुलता एक क्रे-३ कोलोरॅडोतल्याच हवामान संशोधन केंद्रात बसला. बाकी गिऱ्हाईक आलंच नाही. त्याच वर्षी त्याच्या जुन्या कंपनीनं बाजारातले अल्फा प्रोसेसर शेकड्यांनी जोडून टी३डी नावाचं पॅरलल यंत्र काढलं. मार्च १९९५ मध्ये क्रेच्या कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. क्रे-४ अर्धवट राहिला.

सत्तरीला आलेल्या माणसानं इथं घरी बसायला हरकत नव्हती. त्यानं १९९६ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक कंपनी काढली, एसआरसी कॉम्प्युटर्स. आणि या वेळी कोऱ्या कागदावर त्यानं जे मांडायला घेतलं ते होतं पॅरलल यंत्र. पुष्कळ प्रोसेसर, आणि भर त्यांच्यातल्या निरोपांच्या वेगावर आणि मेमरीवर.

२२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला. दोन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला, तो गेला. वय ७१.

त्याच वर्षी क्रे रिसर्च दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली होती. २००० मध्ये ती परत विकली गेली, पण विकत घेणाऱ्या टेरा कंपनीनं स्वतःचंच नाव बदलून क्रे ठेवलं. २०१९ मध्ये ती एचपीई कंपनीकडं गेली, तरी यंत्रांवरचं नाव तेच राहिलं.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था म्हणजे आयआयटीएम आहे. तिथं जानेवारी २०१८ मध्ये प्रत्युष नावाचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला, मान्सूनच्या अंदाजासाठी. त्याचं मॉडेल क्रे एक्ससी४०. हजारो इंटेल प्रोसेसर एकमेकांना जोडलेले, कमाल वेग ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे पहिल्या क्रे-१ च्या अडीच कोटी पट. आयआयटीएमपासून जवळच आयसर पुणेमध्ये सी-डॅकचा परम ब्रह्म आहे, तोही अशाच जोडलेल्या प्रोसेसरांचा. पीएचडीची पोरं रोज त्यावर जॉब लावून रांगेत नंबर कधी येतो ते बघत बसलेली असतात.